सातशे अडतीस पायऱ्या

ऑफिसात त्यांना सगळे जिनेताई म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते कुणालाच आठवत नव्हतं, पण का पाडलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. नवी इमारत हातात आली की साहेब, म्हणजे ऑफिसचे मालक आणि आर्किटेक्ट, दर्शनी भाग स्वतःकडे ठेवत. हुशार पोरंपोरी दिवाणखाने, गच्च्या, प्रवेशद्वारं आपापसांत वाटून घेत. मग उरलंसुरलं जे काही असेल, जिने, संडास-बाथरूम, पाण्याचे पाइप न्यायच्या चिंचोळ्या जागा, ते आपसूक खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या टेबलावर येऊन पडे. बत्तीस वर्षं पडत होतं.

जिनेताईंनी कधी तोंड वाकडं केलं नाही. तेविसाव्या वर्षी नकाशे गिरवायला म्हणून त्या या ऑफिसात लागल्या. चित्रकलेचा दोन वर्षांचा कोर्स झालेला, आर्किटेक्टची पदवी नाही. त्यामुळे दाराशेजारच्या नावांच्या पाटीवर त्या कधी आल्या नाहीत आणि येणारही नव्हत्या. पण जिना म्हटलं की बाईंचा शब्द शेवटचा. "पायरी साडेसोळा सेंटीमीटरच्या वर गेली की माणूस जिन्याशी भांडायला लागतो," असं त्या म्हणत. नवीन आलेली मुलं हसत, आणि सहा महिन्यांनी तेच वाक्य दुसऱ्या कुणाला तरी ऐकवत.

घरी त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. गल्लीच्या तोंडाशी त्याचं हातभर रुंदीचं दुकान होतं. माणूस बोलका, आणि बायकोच्या कामाचा त्याला तिच्यापेक्षा जास्त अभिमान. गिऱ्हाईक घड्याळ घ्यायला आलं की त्याला घड्याळाबरोबर शहरातल्या चार-पाच जिन्यांची माहिती फुकट मिळायची.

तर सहा वर्षांपूर्वी गृहनिर्माण मंडळाचं मोठं काम ऑफिसला मिळालं. बसचे चालक, नर्स, पाणीपुरवठ्याकडची माणसं अशा शहराच्या नोकरदारांसाठी एक्केचाळीस मजल्यांची इमारत बांधायची होती. इतकं उंच काम साहेबांनी तोवर केलं नव्हतं. ते आनंदानं हवेत होते. रिवाजाप्रमाणे जिने जिनेताईंकडे आले, आणि आठवडाभरानं त्यांनी जो कागद पुढे ठेवला तो पाहून साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

दोन्ही जिने इमारतीच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत होते. बाहेरच्या भिंतीला लागून. नऊ पायऱ्या, मग वळण, पुन्हा नऊ पायऱ्या की एक मजला. आणि प्रत्येक वळणावर एक मोठी खिडकी, खिडकीत दोघांना बसता येईल असा कट्टा.

"अहो ताई," साहेब म्हणाले, "हे कोपरे म्हणजे इमारतीची मलई. तिथे दोन बाजूंनी उजेड येणारी खोली होते. आणि तुम्ही तिथे जिना घातलाय!"

"जिन्याला उजेड नको का?"

"जिना आत, लिफ्टच्या मागे बसतो. सगळे तिथेच घालतात. मी नाही म्हणत नाही, पण मंडळाचे अध्यक्ष ऐकणार नाहीत."

"मी बोलू त्यांच्याशी?"

सव्वीस वर्षांत बाईंनी असं विचारलं नव्हतं. साहेब इतके चकित झाले की हो म्हणून बसले.

मंडळाचे अध्यक्ष उंचेपुरे, कडक इस्त्रीचे गृहस्थ होते. त्यांनी कागद पाहिला आणि साहेबांचंच वाक्य जवळजवळ जसंच्या तसं म्हणून दाखवलं. वर पुस्ती जोडली, "आणि मला सांगा, लिफ्ट असताना जिन्यानं जातंय कोण?"

"आपलं हे ऑफिस एकोणिसाव्या मजल्यावर आहे ना?" जिनेताईंनी विचारलं.

"हो. का?"

"इथला जिना कुठे आहे?"

अध्यक्षांनी शिपायाकडे पाहिलं. शिपायानं बाहेर कुठेतरी बोट दाखवलं.

"आत्ता उतरू या का त्यानं? मी येते सोबत. वीस मिनिटं लागतील."

साहेबांना घाम फुटला. पण अध्यक्ष हट्टाला पेटणारे होते, आणि एक लहानखुरी बाई आपल्याला आव्हान देतेय हे त्यांच्या लक्षात आलं होतं. ते उठले.

जिन्याचं दार आधी उघडेना. आतून मोडक्या खुर्च्या लावलेल्या होत्या. त्या सरकवून तिघं आत शिरले. सिमेंटच्या कोंदट भिंती, एकच एक पिवळट दिवा, आणि खाली बघावं तर नुसता अंधार. सुरुवातीला अध्यक्ष बोलत होते. चौदाव्या मजल्याच्या आसपास, म्हणजे तो चौदावाच होता की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता, त्यांचं बोलणं थांबलं. पायऱ्या सारख्या उंचीच्या नव्हत्या, त्यामुळे त्यांचा पाय दोनदा लटपटला. पुढे कुठेतरी दिवाच गेलेला होता. तिथे त्यांनी भिंतीला हात लावला तो खाली पोचेपर्यंत काढला नाही. तळमजल्याला उजेडात आल्यावर त्यांनी तळवा पाहिला. काळाकुट्ट झाला होता. रुमालानं तो पुसता पुसता त्यांनी विचारलं, "माझ्या ऑफिसातली दोनशे माणसं आग लागली तर इथून उतरणार?"

"हो," जिनेताई म्हणाल्या.

अध्यक्षांनी काळा झालेला रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, "किती खिडक्या म्हणालात?"

"प्रत्येक वळणावर एक."

"ठेवा."

"आणि कट्टे?"

"ठेवा हो, तेही ठेवा."

काम सुरू झाल्यावर जिनेताई दर गुरुवारी साइटवर जात. डोक्यावर पिवळं हेल्मेट, पर्समध्ये मोजपट्टी. मुकादम आधी त्यांना पाहून मान फिरवायचा. सतराव्या मजल्याचा जिना ओतून झाला आणि बाई तो चढून गेल्या, तेव्हा मधेच थांबल्या. दोन पायऱ्या परत उतरल्या, परत चढल्या. "या दोन पायऱ्या बोटभर उंच झाल्यात," त्या म्हणाल्या. मुकादम म्हणाला की शक्य नाही. मोजलं तर एक बोट नाही, पण अर्धं बोट भरलंच. बाईंनी दोन्ही फोडायला लावल्या. मुकादमानं त्या दिवशी जे शब्द वापरले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. पण पुढच्या गुरुवारपासून तो स्वतः गेटवर येऊन त्यांची वाट पाहायला लागला आणि नव्या गवंड्यांना बजावायला लागला, "नीट ओता रे. या बाईंच्या पायात फूटपट्टी आहे."

इमारत पुरी झाली, माणसं राहायला आली. कठडे दोन उंचीचे होते, एक मोठ्यांच्या हाताला येईल असा, एक पोरांच्या. दर दहा मजल्यांनी कठड्याचा रंग बदलत होता, म्हणजे आपण कुठे आलो ते आकडा न वाचताही कळावं. तळापासून गच्चीपर्यंत एका जिन्याला सातशे अडतीस पायऱ्या. वर्षभर सगळं सुरळीत चाललं, आणि साहेबांनी ठरवलं की ही इमारत त्या पुरस्काराला पाठवायची.

तो पुरस्कार म्हणजे आर्किटेक्ट लोकांच्या डोळ्यांतलं स्वप्न. शंभर मीटरहून उंच आणि निदान वर्षभर माणसं राहिलेल्या, वापरलेल्या इमारतीच त्यात घेतात. देशोदेशीहून अर्ज येतात आणि त्यांतून दोन वर्षांनी एकदा एकच इमारत निवडतात. अर्ज चाळीस पानी होता. तो भरायचं काम कुणाकडे गेलं हे सांगायला नको. जिनेताईंनी चार दिवस बसून तो सुवाच्य अक्षरात भरला. संकल्पना या रकान्यापुढे साहेबांचं नाव लिहिलं, बाकीच्या रकान्यांपुढे ज्याची त्याची नावं. जिन्यासाठी रकाना नव्हता. 'इतर' या सदराखाली एक ओळ रिकामी होती. तिथे त्यांनी लिहिलं, 'जिने दोन, बाहेरील भिंतीस लागून, नैसर्गिक उजेड.' साहेबांनी शेवटच्या पानावर सही ठोकली.

शेवटच्या पाचांत इमारत आली तेव्हा ऑफिसात आनंदाला पारावार राहिला नाही. इतर चार इमारतींचे फोटो सगळ्यांनी पाहिले. एक नव्वद मजली होती, काचेची, वर जाता जाता पीळ घेत गेलेली. एकीच्या अंगाखांद्यावर बागा होत्या. त्यांच्यापुढे आपली एक्केचाळीस मजल्यांची म्हणजे लग्नाच्या फोटोत कडेला उभी राहिलेली चुलत बहीण, असं साहेबच म्हणाले. पण पाचांत आलो हेच खूप झालं, असंही म्हणाले, आणि रोज नवा सदरा घालून ऑफिसात यायला लागले.

परीक्षक तिघं होते. पांढरे आखूड केस असलेल्या, हळू बोलणाऱ्या एक बाई त्यांच्या प्रमुख. दुसरे इमारतींची गणितं शिकवणारे एक प्राध्यापक, तिसरा एक शांत तरुण, जो फक्त फोटो काढत होता. सकाळी अकराला ते आले. सगळी इमारत खिडक्यांतून आणि गॅलऱ्यांतून पाहुण्यांकडे बघत होती. साहेबांनी जिनेताईंना सोबत घेतलं होतं, कारण कुठली खोली किती बाय किती हे त्यांच्याखेरीज कुणालाच धड सांगता येत नसे.

मंडळी लिफ्टनं थेट गच्चीवर गेली. साहेबांनी वाऱ्याबद्दल सांगितलं, भिंतींच्या रंगाबद्दल सांगितलं, सूर्य कुठल्या महिन्यात कुठून येतो ते हात पसरून दाखवलं. परीक्षक बाई सभ्यपणे मान डोलावत होत्या. त्यांनी एकदा हळूच घड्याळ पाहिलं. साहेबांच्या ते लक्षात आलं नाही, जिनेताईंच्या आलं. आता ही मंडळी खाली जातील, चहा घेतील आणि नव्वद मजल्यांच्या इमारतीकडे निघतील, असं त्यांच्या मनात आलं.

तेवढ्यात आगीची घंटा वाजली.

इमारतभर ती घणघणायला लागली. पाठोपाठ कर्ण्यातून आवाज आला की सर्वांनी जिन्यानं खाली उतरावं. नियमाप्रमाणे दोन्ही लिफ्ट आपोआप तळाला जाऊन उभ्या राहिल्या. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. वर्षातून एकदा घंटा वाजवून सराव घेतात, पण आज सराव नव्हता. इमारतीचा व्यवस्थापक वॉकीटॉकीत ओरडून विचारत होता की कुठला मजला, कुठला मजला. प्राध्यापक गच्चीवरून खाली वाकून धूर दिसतो का ते बघत होते.

"जिना इकडे आहे," जिनेताई म्हणाल्या. सकाळपासून त्या पहिल्यांदाच आपणहून बोलल्या होत्या. "घाई करायची नाही. कठड्याला हात ठेवा आणि उजवीकडून चला."

दार सहज उघडलं. आत लख्ख ऊन होतं.

पहिले दोन मजले जिन्यात फक्त त्यांच्याच पावलांचा आवाज होता. मग मजल्यामजल्यावरून माणसं जिन्यात यायला लागली. रात्रपाळी करून आलेली एक नर्स अर्धवट झोपेत, विसकटलेल्या वेणीनं उतरत होती. एक बाई तान्ह्या बाळाला खांद्यावर टाकून आली. तीन शाळकरी पोरी खालचा कठडा धरून भराभर चालल्या होत्या आणि कठडा हिरव्याचा निळा झाला तेव्हा एक ओरडली, "तिशी आली!" काठी टेकत येणारे एक आजोबा दोन मजले उतरले की खिडकीतल्या कट्ट्यावर बसत. कट्टा खिडकीच्या आत शिरलेला होता, त्यामुळे ते बसले तरी मागच्या माणसांची वाट अडत नव्हती. लोक जाता जाता त्यांना विचारत, "येताय ना आजोबा?" आणि ते म्हणत, "तुम्ही व्हा पुढे, पोचतोच."

अठ्ठाविसाव्या मजल्यावर व्यवस्थापकाच्या वॉकीटॉकीतून बातमी आली. सव्विसाव्या मजल्यावरच्या एका निवृत्त बसचालकानं बटाटे उकडायला ठेवले होते आणि पाहुणे बघायला म्हणून तो खाली येऊन उभा राहिला होता. पाणी आटलं, बटाटे जळले, भांडं जळलं. आग नाही, नुसता धूर.

"बटाटे!" साहेब म्हणाले. आयुष्यात बटाट्यांचा इतका राग कुणी केला नसेल.

जिन्यात हशा पिकला. वरून खालपर्यंत तो मजल्यामजल्यानं उतरत गेला. पण बंबवाले येऊन पाहणी करून जाईपर्यंत लिफ्ट चालू होणार नव्हत्या, तेव्हा पाहुण्यांनाही बाकीचे मजले पायीच उतरणं भाग होतं. सव्विसाव्याच्या दाराशी जळका वास आला. प्राध्यापकांनी नाक वर करून पाहिलं. जिन्याच्या माथ्याची धूर जायची झडप उघडी होती, वारा वाहत होता, जिन्यात धुराचा मागमूस नव्हता. त्यांनी खिशातून छोटी मोजपट्टी काढली आणि ते एका पायरीशी वाकले. त्यानंतर दर दोन-तीन मजल्यांनी ते वाकत होते.

साहेब अंगानं चांगले भरलेले. विसाव्या मजल्यापासून ते प्रत्येक कट्ट्यावर बसायला लागले. पंधराव्यावर परीक्षक बाईही त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांनी गुडघा चोळला. खिडकीतून समोरच्या झाडांचे शेंडे आता जवळ दिसत होते, रस्त्यावरची माणसं ओळखू येतील इतकी मोठी झाली होती. बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"मी सत्तावीस वर्षं उंच इमारती बघतेय," त्या म्हणाल्या. "जिना मला कुणी दाखवत नाही. हा कुणी काढला?"

जिनेताईंनी साहेबांकडे पाहिलं. आमच्या ऑफिसनं, असं ते म्हणतील आणि ते खोटंही ठरणार नव्हतं. साहेबांनी रुमालानं मान पुसली.

"मी नाही," ते म्हणाले. "मी तर हा आत, लिफ्टच्या मागे घालायला निघालो होतो. ह्यांनी काढला. वरपासून खालपर्यंत, एकट्या ह्यांनी. आणि अर्जात ह्यांचं नाव नाही. अर्ज ह्यांच्याकडूनच लिहून घेतला आणि मी न वाचता सही केली. ती चूक माझी."

जिनेताईंना कुठे बघावं ते कळेना. त्या खिडकीच्या कडीशी चाळा करत राहिल्या.

"असा का काढावासा वाटला तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"असाच असायला हवा म्हणून," जिनेताई म्हणाल्या. पण परीक्षक बाई उठायची घाई करत नव्हत्या. प्राध्यापकही पायरीवर टेकले होते. तेव्हा जिनेताईंनी जी गोष्ट ऑफिसात बत्तीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती ती सांगितली.

"माझी आई सातव्या मजल्यावर राहायची. लिफ्ट होती, पण महिन्यातून वीस दिवस बंद. जिना आत, काळोखाचा. आई शिवणकाम करायची, कपडे पोचवायला रोज उतरायची. पुढे गुडघे गेले. चौथ्या मजल्यावर दम लागायचा तर बसायला जागा नाही. पायरीवर बसली की येणारे-जाणारे ओलांडून जायचे. तिला त्याची लाज वाटायची. मग ती दिवसाआड उतरायला लागली, मग आठवड्यानं. शेवटची तीन वर्षं ती खाली उतरलीच नाही. तब्येत तशी बरी होती हो तिची. पण तिचं सगळं जग सातव्या मजल्यावर येऊन थांबलं. मी भाजी घेऊन जायची तर विचारायची, कोपऱ्यावरचा तो केस कापणारा अजून आहे का गं? मी म्हणायची, आहे. तो जाऊन दोन वर्षं झाली होती."

वरून काठीचा टकटक आवाज येत होता. आजोबा पोचत होते.

शेवटी प्राध्यापकांनी घसा साफ केला. "मी सात ठिकाणी मोजलं," ते म्हणाले. "साडेसोळा. सगळीकडे साडेसोळा. एका मिलिमीटरचा फरक नाही. असं मी अजून पाहिलेलं नाही."

"सतराव्या मजल्यावरच्या दोन फोडायला लावल्या होत्या," जिनेताई म्हणाल्या, आणि नको नको म्हणतानाही त्यांच्या आवाजात ताठा आला.

खाली अंगणात सगळी इमारत जमली होती. बटाटेवाला चालक हात जोडून सगळ्यांपुढून फिरत होता. साहेबांना पाहून तो मागे सरला. साहेब त्याच्याकडे तरातरा गेले, आणि काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी त्याचा हात धरून जोरजोरात हलवला.

तीन महिन्यांनी पत्र आलं. साहेबांनी ते ऑफिसच्या मधोमध उभं राहून मोठ्यानं वाचलं. पुरस्कार मिळाला होता. परीक्षकांनी लिहिलं होतं, 'माणसाला उंच नेण्याची सोय सगळेच करतात. या इमारतीत माणूस आपल्या पायांनी, उजेडात, न घाबरता खाली येऊ शकतो.' आणि खाली इमारत रचणाऱ्यांची नावं होती. दोन. पहिलं साहेबांचं, दुसरं जिनेताईंचं, पूर्ण, आडनावासकट. ते कानावर पडलं तेव्हा नव्या पोरांपैकी निम्म्यांना बाईंचं खरं नाव पहिल्यांदाच कळलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. जिनेताई टेबलाशी उभ्या होत्या, हातात पेन्सिल होती. त्यांनी ती नीट डब्यात ठेवली, डबा बंद केला आणि मग चेहरा ओंजळीत घेतला.

पुरस्काराचा समारंभ दुसऱ्या शहरात, भर दुपारी, एका मोठ्या सभागृहात होता. साहेब, जिनेताई आणि त्यांचा नवरा तिघंही गेले. नवऱ्यानं दुकानाला दोन दिवस कुलूप लावलं आणि कुलपावर चिठ्ठी चिकटवली, 'पुरस्कार घ्यायला गेलो आहे.' कुणाचा ते लिहिलं नाही.

नावं पुकारली गेली. साहेब लगबगीनं निघाले. मंचाला चार लाकडी पायऱ्या होत्या. जिनेताईंनी त्यांच्यावरून एकदा नजर फिरवली आणि साहेबांची बाही धरली.

"तिसरी उंच आहे. जपून."

साहेबांनी पाय उचलून टाकला आणि ते वाचले. त्यांच्या आधी गेलेला निवेदक त्याच पायरीवर अडखळला होता, आणि पहिल्या दोन रांगांतले लोक बाईंचं बोलणं ऐकून हसायला लागले. परीक्षक बाई तर सगळ्यांहून मोठ्यानं हसल्या.

साहेबांनी छान भाषण केलं. मग त्यांनी माइक जिनेताईंपुढे सरकवला. त्यांनी काही लिहून आणलं नव्हतं. समोर नव्वद मजल्यांची, पीळ घेत गेलेली इमारत बांधणारे बसले होते, बागांवाले बसले होते, देशोदेशीचे मोठमोठे लोक बसले होते. जिनेताईंनी माइक आपल्या उंचीला खाली ओढला.

"जिना काढताना मी एकाच माणसाचा विचार करते," त्या म्हणाल्या. "सगळ्यात सावकाश चालणाऱ्या. त्याला जमलं की सगळ्यांना जमतं. बाकी मला काही येत नाही. पण एवढं मला नीट येतं."

लोक उभे राहिले. किती वेळ टाळ्या चालल्या ते त्यांना नंतर आठवेना. खाली उतरल्यावर नव्वद मजलीवाले आर्किटेक्ट त्यांच्याकडे आले. आपल्या नव्या इमारतीचे कागद तुम्ही एकदा बघाल का, असं त्यांनी विचारलं. जिनेताई म्हणाल्या, "बघेन, पण खोटं चांगलं म्हणणार नाही." ते म्हणाले, "म्हणूनच विचारतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं नवराबायको परत निघाले. साहेब आणखी दोन दिवस राहणार होते, त्यांना सगळ्यांकडून अजून बरंच कौतुक ऐकायचं होतं. पितळी सन्मानचिन्ह मात्र त्यांनी बाईंच्याच पिशवीत घातलं. जिनेताई खिडकीशी बसल्या आणि शहर मागे पडायच्या आत झोपून गेल्या.

जाग आली तेव्हा बस उन्हातून चालली होती. शेजारच्या बाकावर कुणी अनोळखी बाई बसल्या होत्या, त्यांच्या मागे एक गृहस्थ, आणि त्या दोघांकडे वळून, सन्मानचिन्ह हातात घेऊन नवरा बोलत होता.

"...तर एका बोटाचाही फरक चालत नाही तिला. मुकादम म्हणाला, शक्यच नाही. आणि मोजलं तर काय!"

"अगं बाई," अनोळखी बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही कोण त्यांचे? ऑफिसातले?"

"मी तिचा नवरा," तो म्हणाला, छाती पुढे काढून.

एरवी अशा वेळी जिनेताई त्याला कोपरानं ढोसत आणि दबक्या आवाजात म्हणत, पुरे आता. आज त्या खिडकीला डोकं टेकून तशाच राहिल्या आणि त्यांनी डोळे पुन्हा मिटले. सतराव्या मजल्याची गोष्ट तो चुकीची सांगत होता, दोनाच्या चार पायऱ्या झाल्या होत्या आणि मुकादमाच्या तोंडी न बोललेली वाक्यं येत होती. बाई ऐकत राहिल्या.